पहिला ओवसा, बागेचा हिशोब आणि सुकटीचा वास: वाचकांची पत्रं

या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, की प्रत्येकाने आपण काय काय करतो ते सविस्तर लिहिलंय आणि समोरचा काय करतो ते एका ओळीत उरकलंय. साहजिक आहे म्हणा, आपलं आपल्याला माहीत असतं. नावं कुणाचीच देत नाही, गावंही नाही, फक्त तालुका किंवा जिल्हा. लांब पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न (सासर कुडाळ तालुक्यात, नोकरी पुण्यात):
ताई, माझं लग्न डिसेंबरमधे झालं. माहेर नाशिकचं, आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती आणि घरातलीच चार माणसं. सासरी मूळ घरात सगळ्या भावकीचा मिळून एक गणपती, गौरी धरून पाच-सहा दिवस, आणि पंगतीला पन्नासेक माणसं असतात म्हणे. सासूबाई म्हणतात या वर्षी तुझा पहिला ओवसा (गौरीच्या वेळी सुनेने सूप घेऊन ओवसायचा विधी) आहे तर आठ दिवस तरी यायलाच हवं. मला सुट्टी मिळतेय दोन दिवस, शनिवार-रविवार धरून चार. हे फोनवर सांगितलं तर मागून जाऊबाई बोलल्या, "तू काय बाय, दोन दिसांची पावणी." मला ते फार लागलं. नवरा म्हणतो ॲडजस्ट कर, एकच वर्ष आहे. मला देवाधर्माचं वावडं नाही, पण रजा टाकून आठ दिवस चुलीपुढे बसायचं याला मी सण कसं म्हणू? माझं चुकतंय का?

उत्तर:
नाही, चुकत नाही. चार दिवस सुट्टी आहे तर चार दिवसच आहे, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काहीही नाही.

पण जाऊबाईंच्या त्या एका वाक्याकडे जरा थांबून बघूया, कारण ते तुम्हाला टोमणा म्हणून लागलं आणि मला वाचताना त्यात थकवा जास्त ऐकू आला. त्या बारा महिने त्या घरात असतात. चतुर्थी येते भाद्रपदात, तोवर लावणी झालेली, बेणणी झालेली, पावसाने घर ओलं, भिंतींना बुरशी. मग घर झाडायचं, रंग काढायचा, माळ्यावरची मोठी भांडी खाली उतरवून घासायची, वड्याचं पीठ दळून आणायचं, काळे वाटाणे निवडून ठेवायचे, नारळ सोलायचे, माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, बांधायला कवंडळं, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळ कोण आणणार ते बघायचं. मग मुंबई-पुण्याची मंडळी येतात, आरत्या होतात, रात्री भजनी मंडळ आलं की वीस-पंचवीस माणसांची उसळ आणि चहा, तो पण बाराच्या पुढे. मग मंडळी जातात, आणि गेल्यावर चादरी धुणं, भांडी परत माळ्यावर. त्यांना या कामातून रजा मिळत नाही आणि ते काम आहे असं कुणी म्हणतही नाही. तुम्ही "चार दिवस" म्हणालात तेव्हा त्यांना काय ऐकू आलं असेल? की नवीन माणूस आलं घरात, हात वाढला असं वाटलं होतं, तर तेही पाहुणंच निघालं. हा राग तुमच्यावरचा नाही, तुमच्या आधीच्या अनेक गणपतींचा आहे, तुम्ही फक्त त्या वेळी फोनवर होतात.

आणि त्यांना तुमचं काय माहीत आहे? रजा मागितली तर मॅनेजरचा चेहरा कसा होतो, नवीन नोकरीत कुणी काय धरून ठेवतं, चार दिवसांतही लॅपटॉप उघडावा लागणार आहे आणि मूळ घरात रेंज फक्त खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, एका कोपऱ्यात येते, हे त्यांना कुणी सांगितलंय? मला वाटतं कुणीच नाही.

म्हणून सासूबाईंमार्फत नको, नवऱ्यामार्फत तर अजिबात नको, जाऊबाईंना स्वतः फोन करा. चतुर्थीच्या तोंडावर नको, आत्ताच. आणि मी किती दिवस येणार हे सांगायच्या आधी विचारा, की वहिनी, तुम्हाला सगळ्यात जड दिवस कुठला जातो? त्या सांगतील. बहुतेक गौरी जेवणाचा दिवस, नाहीतर भजनाची रात्र. तुमचे चार दिवस त्या दिवसाभोवती बसवा.

ओवशाचं वेगळं सांगते कारण तुमचं माहेर घाटावरचं आहे. आपल्याकडे कोकणात बऱ्याच घरांत नव्या सुनेचा पहिला ओवसा गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच होतो, त्यामुळे तो दरवर्षी जमतोच असं नाही, एखादीला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. सासूबाई जो हट्ट धरून बसल्यात त्याच्यामागे हे असू शकतं. त्यांना नीट विचारा की या वर्षी पूर्वा आहे का. असेल तर तो दिवस त्यांना द्या, मनापासून द्या, त्या दिवशी सूप घेऊन वडीलधाऱ्यांना ओवसताना घरात तुमची जागा ठरते आणि सासूबाईंना तो दिवस बघायचाय. आठ दिवसांची मागणी मग बरीचशी आपोआप विरघळेल असं मला वाटतं.

कामाला बाई लावायचे पैसे आम्ही देतो असं सुचवायचं असेल तर ते सुद्धा जाऊबाईंना विचारूनच, परस्पर नको, कारण "यायचं नाही म्हणून पैसे टाकले" असा अर्थ लागायला गावात वेळ लागत नाही. आणि रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, गणपतीचं तर काही मिनिटांत संपतं, तेव्हा तारखा लवकर ठरवा.

आता तुमच्या नवऱ्याबद्दल. "ॲडजस्ट कर" हे म्हणणं सोपं आहे हो, घर त्यांचं, आई त्यांची, वहिनी त्यांची, मग आईला सुट्टीचं त्यांनी सांगायचं की तुम्ही? आणि पन्नास माणसांची पानं वाढणं, उष्टी काढणं, मोठी पातेली विहिरीवर नेऊन घासणं याला बाईचाच हात लागतो असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. भजनाला आवाज लागतो तसा सकाळी भांड्यांना हात लागू दे. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा.

एवढं सगळं करूनही कुणी रुसलं तर रुसू द्या. समजून घेणं म्हणजे दरवेळी मान्य करणं नाही. चार दिवस जा, आणि पाचव्या दिवशी परत या.

प्रश्न (मूळ गाव देवगड तालुका, राहणार डोंबिवली):
आम्ही दोघे भाऊ. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. कलमांची बाग मोठा भाऊच बघतो, मी मुंबईत नोकरीला. दर वर्षी मे महिन्यात तो मला दोन पेट्या पाठवतो, बास. हिशोब विचारला तर म्हणतो या वर्षी काही उरलं नाही. २०२१ ला म्हणाला तौक्ते वादळाने सगळं झोडपलं, मग म्हणाला थ्रिप्स (फुलकिडे) पडला, मग म्हणाला मोहोरच आला नाही. इथे मार्केटला हापूसचे भाव आम्ही बघतो ना! गेल्या शिमग्याला स्पष्टच विचारलं तर आवाज चढवून म्हणाला, "माका हिशोब मागतस?" तेव्हापासून बोलणं बंद. वर गणपतीला निम्मा खर्च मात्र माझ्याकडून. बहिणीच्या मुलीच्या लग्नातही आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मी हक्काचं मागतोय, यात चूक काय?

उत्तर:
हिशोब मागण्यात चूक काहीच नाही. सामायिक मिळकत आहे, सहहिस्सेदाराला हिशोब मागायचा हक्क आहे आणि समोर मोठा भाऊ आहे म्हणून तो हक्क बुडत नाही. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना मी त्यांची बाजू घेतेय असं वाटायला नको.

तुम्ही वाशीच्या घाऊक मार्केटचा भाव बघता. तो भाव ज्या पेटीचा असतो ती पेटी तिथपर्यंत जाते कशी ते बघूया. पावसाळ्यात खतं, मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध घालायचं, त्याचे पैसे तेव्हाच. पाऊस संपला की गवत कापणं, साफसफाई. मग थंडी पडायची वाट बघणं, आणि थंडी उशिरा पडली की मोहोर उशिरा, नाहीतर नुसती पालवी. मोहोर आला की तुडतुडे, भुरी, करपा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रकच सहा फवारण्यांचं आहे आणि थ्रिप्स वाढल्यापासून बागायतदार त्याच्या वर मारतायत, औषधाचा एकेक डबा काय भावाने येतो ते दुकानात उभं राहून बघा एकदा. मधेच ढगाळ हवा आली की परत फवारणी. वानरं आहेतच. राखणीला बहुतेक बागांत नेपाळी गुरखे, त्यांचा पगार, राहणं, किराणा. मग काढणी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) एकेक फळ उतरवायचं, निवडायचं, पिंजर घालून पेटी भरायची, गाडीभाडं, हमाली, दलाली. आणि बऱ्याच जणांनी फवारणीसाठी दलालाकडूनच आगाऊ उचल घेतलेली असते, त्यामुळे पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, येते तेव्हा त्यातून ती आधी वळती होते. हंगामातल्या पहिल्या पेटीचा भाव पेपरात येतो, मे अखेरच्या कॅनिंगला किलोवर घातलेल्या आंब्याचा भाव कुणी छापत नाही. आणि हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड, एक वर्ष भरभरून, दुसऱ्या वर्षी हात आखडता.

तौक्तेचं म्हणाल तर ते खरंच आहे, १६ मे २०२१ च्या सुमारास ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा शेवटच्या तोडीचा आंबा झाडावर होता, तो सगळा खाली, शिवाय कित्येक बागांत कलमंच मोडली. एक जुनं कलम मोडलं की ते परत उभं राहून पीक द्यायला किती वर्षं जातात तुम्हाला सांगायला नको, तुमच्या वडिलांनी लावलेली कलमं आहेत ती.

हे सगळं धरूनही तुमचे भाऊ चुकतायत. कारण "काही उरलं नाही" हे हिशोबाचं उत्तर नाही. खर्च झाला तर वहीत दाखवा, औषधाच्या पावत्या असतात, दलालाच्या पट्ट्या असतात. पण "माका हिशोब मागतस?" या बोलण्यामागे काय असेल त्याचा विचार केलात का? वर्षभर उन्हातान्हात मी मरतो, फवारणीचं औषध माझ्या नाकातोंडात जातं, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात मी नेतो, शाकारणी मी करतो, बंद खोल्यांना वाळवी लागली का मी बघतो, आणि हा येतो शिमग्याला पालखी नाचवायला आणि हिशोब विचारतो. त्यांच्या लेखी तुम्ही पैशाबद्दल विचारलंच नाहीत, तुम्ही त्यांना चोर म्हणालात. आणि तुमच्या लेखी त्यांनी तुम्हाला मालक सोडून पाहुणा केलं, दोन पेट्या देऊन वाटेला लावलं. दोघांचं दुखणं खरं आहे.

माझं म्हणणं ऐकाल तर मे महिन्यात जाऊ नका. जानेवारीत जा, आठवडाभर रजा टाकून. पहाटे फवारणीच्या पंपाची नळी धरायला उभे राहा. हिशोबाचा विषय काढू नका, आईजवळ बसा, बाग बघा. निघायच्या आदल्या दिवशी शांतपणे सांगा की दादा, मागचं मी विचारत नाही, पुढच्या हंगामापासून एक वही ठेवूया, खर्चाचा निम्मा वाटा मी आधी देतो, तुझ्या कामाचा आणि देखरेखीचा मोबदला आधी बाजूला काढ, आणि मग उरेल त्यात वाटणी. मोबदल्याचं वाक्य विसरू नका, माझ्या मते सगळं त्यात आहे. आजवर त्यांच्या मजुरीची किंमत तुमच्या हिशोबात शून्य धरलेली होती. हे नको असेल तर बाग कराराने द्यायचा पर्याय आहे, ठरलेली रक्कम येते, वाटून घ्यायची, देवगड-रत्नागिरीत कितीतरी जण तसंच करतात.

आता एक मला खटकलेलं. तुम्ही लिहिलंत सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली, आणि चार ओळी खाली बहिणीच्या मुलीच्या लग्नाचा उल्लेख आहे. म्हणजे बहीण आहे. तिचं नाव कुठे गेलं? ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की तो जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असायलाच हवे होते असं नाही. तिने स्वखुशीने रजिस्टर हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर तुम्ही भावाकडे जो हिशोब मागताय तोच हिशोब ती तुम्हा दोघांकडे मागू शकते, आणि तिला तर कदाचित दोन पेट्याही येत नसतील. तिला फोन करा. बागेबद्दल तिला काय वाटतं हे तिला आजवर कुणी विचारलं नसणार असा माझा अंदाज आहे, चुकीचा असला तर मला आनंदच होईल.

प्रश्न (रत्नागिरी तालुका):
मी एमआयडीसीत शिफ्टला जातो. वाडीत कुणी वारलं की बाबा म्हणतात खाडा कर पण मयताला जा. ज्यांच्याशी आयुष्यात दोन वाक्यं बोललो नाही त्यांच्यासाठी पगार का कापून घ्यायचा? मी ग्रुपवर मेसेज टाकतो, तेवढं पुरे नाही का?

उत्तर:
मेसेज टाकणं वाईट नाही, पण मेसेजने लाकडं फोडली जात नाहीत. वाडीत मयत झालं की तिरडी बांधणारे, लाकडं काढणारे, पावसात स्मशानापर्यंत चिखलातून खांदा देणारे, लांबच्या नातेवाइकांना फोन करणारे, त्या घरात चूल पेटत नाही म्हणून चहा-भात नेऊन देणारे हे सगळे वाडीतलेच असतात, शहरासारखी फोन केला की येणारी गाडी तिथे नसते. बाबांना ते वारलेले गृहस्थ फार जवळचे होते असंही नसेल, पण तुमच्या आजोबांच्या वेळी कोण कोण आलं होतं ते त्यांच्या डोक्यात पक्कं आहे, आणि त्यांच्या वेळी घरात माणसं असतील का ही काळजीही आहे, ती ते बोलून दाखवणार नाहीत.

तुमचा पगार कापला जातो हेही खरं. तेव्हा शिफ्ट सुटल्यावर, दहा-बारा दिवसांच्या आत कधीही, त्या घरी जाऊन पंधरा मिनिटं बसा. काही बोलायची गरज नसते. आणि बाबांना सांगा की खांद्याला शक्य असेल तेव्हा येईन, प्रत्येक वेळी नाही. ते ऐकतील.

प्रश्न (दापोली तालुका, किनारपट्टी):
आम्ही कर्ज काढून दोन वर्षांपूर्वी होमस्टे चालू केलाय, चार खोल्या, समोर समुद्र. शेजारच्या मावशी मासळी सुकवतात. बोंबील, जवळा, बांगडा, सगळं आमच्या कुंपणाला लागून. ऐन मे महिन्यात पर्यटक आले की वास, माश्या, कावळे. दोन फॅमिली एका रात्रीत चेकआउट करून गेल्या आणि ऑनलाइन रिव्ह्यूमधे तेच लिहिलं. मावशींना सांगितलं तर म्हणतात आम्ही आज्यापणज्यापासून इथेच सुकवतो, तुम्ही आता आलात. ग्रामपंचायतीत तक्रार करावी का? संबंध बिघडवायचे नाहीत, पण हप्ते कोण भरणार?

उत्तर:
तक्रार करू नका, निदान आत्ता तरी. तक्रार केली तरी वास जाणार नाही, आणि उद्या रात्री-बेरात्री गरज लागली तर पहिली हाक तुम्ही त्याच घराला मारणार आहात.

तुम्ही "ऐन मे महिन्यात" असं लिहिलंय, तिथेच सगळं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने होड्या वर ओढलेल्या, घरात पैसा येत नाही. पावसाळ्याची बेगमी म्हणून लोक सुकी मासळी घेतात ती एप्रिल-मे मधे, आणि मावशींची वर्षाची मोठी विक्री तेव्हाच होते. तुमचा हंगाम आणि त्यांचा हंगाम एकाच महिन्यात येतो. तुमच्या कर्जाचा हप्ता मेच्या बुकिंगवर आहे तसा त्यांचा जून-जुलैचा किराणा मेच्या सुकटीवर आहे. त्यात एक अवकाळी सर आली की पसरलेला जवळा भिजतो, सडतो, आणि तो टाकूनच द्यावा लागतो. तुम्हाला निदान बुकिंगचे ॲडव्हान्स मिळतात, त्यांना कोण देतं?

त्यांचं "आज्यापणज्यापासून" हे उत्तर मात्र पुरेसं नाही, ते मी त्यांना समोर असते तर सांगितलं असतं. जुनं आहे म्हणून दुसऱ्याला त्रास झालेला चालतो असं होत नाही. पण ते उत्तर त्या का देतात ते समजण्यासारखं आहे. किनाऱ्यावर एकामागून एक रिसॉर्ट येतायत, पूर्वी जिथे जाळी पसरायची तिथे आता खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांना भीती आहे की आज वासाचं बोलतायत, उद्या उठायलाच सांगतील. ती भीती तुम्ही आधी काढा. "मावशी, तुम्ही इथून हलावं असं मला अजिबात नकोय" हे तोंडाने म्हणा, अगदी याच शब्दांत.

मग जुळवायच्या गोष्टी. मासळी जमिनीवर पसरण्याऐवजी बांबूच्या उंच मांडवावर, जाळीवर सुकवली तर वारा खालून वरून लागतो, लवकर सुकते, वाळू चिकटत नाही, माश्या कमी बसतात, आणि माल स्वच्छ म्हणून भावही बरा येतो. त्या मांडवाचा खर्च तुम्ही करा, किंवा निम्मा करा, एका खोलीच्या दोन-चार रात्रींच्या भाड्यात तो निघेल. मांडव कुंपणापासून थोडा लांब, वारा तुमच्या खोल्यांकडे येणार नाही अशा बाजूला घ्या, जागा त्यांनाच दाखवू द्या कारण वारा कुठल्या वेळी कुठून येतो ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. धुतलेल्या मासळीचं पाणी आणि काढलेली घाण लांब जाईल एवढी मागणी तुम्ही ठामपणे करू शकता, ती रास्त आहे. सुकवण्याच्या सुधारित सोयींसाठी मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात त्यांच्यासोबत जाऊन विचारा, अर्ज भरायला त्यांना तुमची मदत होईल.

आणि पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच सांगा की हे कोळीवाड्याला लागून असलेलं घर आहे, मे महिन्यात शेजारी मासळी सुकवतात. ज्यांना नको ते येणार नाहीत, रिव्ह्यूचा त्रास वाचेल. जे येतील त्यांना सकाळी मावशींकडे घेऊन जा, बोंबील कसे एकमेकांच्या जबड्यात अडकवून काठीवर टांगतात ते दाखवा, जाताना त्यातले निम्मे लोक सुकट घेऊन जातील. मावशींना चार पैसे तुमच्या पाहुण्यांकडून मिळाले की पाहुण्यांची अडचण ही त्यांचीही अडचण होईल, मग त्या आपणहून बघतील.

प्रश्न (रायगड जिल्हा):
ताई, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी घरटी ठरलेली वर्गणी वडिलांनी भरली नाही. आईच्या ऑपरेशनमधे पैसे गेले होते, अर्धी देतो म्हणाले, ऐकलं नाही. मग मीटिंग घेऊन ठरवलं की आमच्या घराशी कुणी बोलायचं नाही, जो बोलेल त्याला दंड. दुकानदार सामान देत नाही, शिमग्याला पालखी आमचं घर सोडून पुढे गेली, चुलत बहिणीच्या हळदीला आम्हाला बोलावणं नाही. फक्त शेजारच्या काकू अंधार पडल्यावर मागच्या दाराने दूध देतात. नातेवाईक म्हणतात गावाचंही समजून घ्या, देवाचं काम आहे, माफी मागा आणि विषय संपवा. आम्ही काय समजून घ्यायचं?

उत्तर:
काहीही नाही. वर चार पत्रांना मी समोरच्याचं समजून घ्या म्हणाले, तुम्हाला म्हणणार नाही.

वर्गणी का मागतात हे मला कळतं. गावच्या देवळाला मोठी देणगी देणारं कुणी नसतं, घरटी वर्गणीवरच काम उभं राहतं, एकाने नाही दिली तर दुसरा मी का देऊ म्हणतो. एवढ्यावरून कुणी नाराज झालं असतं, तुमच्या वडिलांशी तुटक वागलं असतं, तर मी त्यांना जाऊन चहा पिऊन या म्हणाले असते. पण मीटिंग घेऊन ठराव करणं, बोलणाऱ्याला दंड लावणं, दुकान बंद करणं, पालखी घरावरून पुढे नेणं, ही नाराजी नाही. याला वाळीत टाकणं म्हणतात आणि महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मदत करणारा, चिथावणारा, मीटिंगमधे बसून बहिष्काराचा निर्णय घेणाराही त्यात येतो. 

आईचं ऑपरेशन झालेल्या घराने अर्धी वर्गणी देतो म्हटलं, त्या घराची बाजू मीटिंगमधल्या एकालाही दिसली नाही. माफी तुम्ही का मागायची?

करायचं ते सांगते. मीटिंग कधी झाली, कोण बोललं, दुकानदाराने कुठल्या दिवशी काय म्हणून सामान नाकारलं, हे सगळं तारखेसकट वहीत लिहा, आठवतंय तोवर. व्हॉट्सॲपवर काही आलं असेल तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर ठेवा. ऑपरेशनची कागदपत्रं आणि आधीच्या वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या एकत्र करा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, पोचपावती घेऊन. तिथे टाळाटाळ झाली तर थेट कोर्टात मॅजिस्ट्रेटकडेही तक्रार करता येते. एकटं जायची भीती वाटत असेल तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या विषयात अनेक वर्षं काम करतायत, या कायद्यासाठी पाठपुरावा त्यांनीच केला होता, तुमच्या जिल्ह्यातल्या शाखेला गाठा. पुढे गाव नमलं आणि तुम्हाला मनापासून मिटवायचं असेल तर तुमच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, पण ते नंतर, आणि तुमच्या अटींवर.

दूध देणाऱ्या काकूंचं मात्र जपून. तुम्हाला वाटेल त्या उत्तम साक्षीदार आहेत, आहेतच, पण त्यांना त्याच गावात राहायचंय आणि दंडाची भीती त्यांनाही आहे, म्हणून तर अंधार पडल्यावर येतात. तक्रारीत त्यांचं नाव घालायच्या आधी त्यांना विचारा, विचारताना तुमचे वडील नको, आईला पाठवा. त्या नाही म्हणाल्या तर परत विचारू नका. तक्रार त्यांच्याशिवायही उभी राहते.